खालची बाजू

होडी लोकमान्यनगरात आहे, विटांवर,
मोरूच्या गॅरेजमध्ये. स्कूटर बाहेर उन्हात.
सहा महिने तो तिला घासतोय.
आता फक्त गाद्या राहिल्यात : दोन लांब, एक आखूड,
आणि पुढच्या टोकाला एक तिकोनी,
जिच्यावर कोणीही बसणार नाही
पण जिचं माप त्यानं तीनदा घेतलं.

‘ताई, तुला कापडातलं कळतं.’
कळतं म्हणजे, एकतीस वर्षं शाळेत शिवण शिकवलं.
गळे, काज, झालर.
होडीला गळा नसतो.

तरी गेलो, क्लॉथ मार्केटच्या मागच्या गल्लीत,
जिथे ठाणाला ठाण लावून सोफ्यांची कापडं उभी असतात
आणि सगळी म्हणतात, मला हात लाव.
‘नाव के लिए चाहिए,’ मोरू म्हणाला.
पाटोदी शेठनी चष्म्यावरून पाहिलं.
‘कौनसे समंदर में?’
‘नर्मदेत. मंडलेश्वरला.’
ते थोडे गंभीर झाले. नर्मदेची थट्टा इथे कोणी करत नाही.

मखमल : ओली झाली की वास मारते.
रेक्झिन : मे महिन्यात मांड्या सोलून काढील.
जाड सुती : बुरशी, काळे ठिपके, दोन पावसाळ्यांत संपली.
मग आतून एक राखी कापड आलं,
शेठनी त्यावर लोट्यातून धार सोडली
आणि पाणी गोळ्या गोळ्या होऊन पळालं,
तव्यावर शिंपडल्यासारखं, फक्त थंड.
मोरू हसला. असं हसणं मी त्याचं
इलेक्ट्रिसिटी बोर्डातून सुटल्यापासून पाहिलं नव्हतं.

वहिनी निळा म्हणाली होती. सगळेच निळा म्हणतात.
पाण्यावर निळा म्हणजे पाणीच.
राखी म्हणजे ढगाळ पाणी.
हे मी बोलले नाही.
मोरूला पोहता येत नाही, हेही आमच्याकडे कोणी बोलत नाही,
जसं त्याच्या पहिल्या लग्नाबद्दल.
होडी का घेतली? तर, स्वस्त मिळाली.

राखी नऊ मीटर. बिल झालं. रिक्षा थांबवली.
मी म्हटलं, थांब, चष्मा विसरले आत.
चष्मा नाकावर होता. त्याच्या लक्षात आलं नाही.

‘असं काही द्या, जे लांबून दिसेल.’
शेठनी वरच्या फळीवरून एक ठाण पाडलं.
केशरी नव्हे. केशरीत देव असतो.
हा रस्ता खोदणाऱ्यांच्या जाकिटाचा रंग,
बघितला की डोळा मागे सरतो.
‘मंडप का?’
‘हो, मंडप.’
अडीच मीटर. माझ्या पेन्शनीतून.

पाण्यात उलटलेल्या गोष्टीचं पोट दिसतं,
यशवंत सागरावर मेलेले मासे पाहिलेत मी.

इस्रारभाई मल्हारगंजात बसतात. आयुष्यभर
टेम्पोंच्या, लूनांच्या, एका टॉकीजच्या खुर्च्या भरल्या.
त्यांना सांगितलं : फोम पाणी न पिणारा,
गाद्या सुट्या, कुठेही ठोकायच्या नाहीत,
दोन्ही कडांना धरायला पट्टे,
वर राखी, खाली हे.
‘खाली? जमिनीला दाखवायला इतका भडक?’
‘उरलं होतं घरात.’
त्यांनी कापडाची कड बोटात धरली,
दुकानातून नुकतीच कापलेली, सरळ, एकही सूत न सुटलेलं.
उरलेलं कापड असं नसतं, हे त्यांना माहीत.
मला माहीत असल्याचंही त्यांना माहीत.
काही बोलले नाहीत. सुई बदलली,
नायलॉनचा दोरा ओवला,
आणि पट्ट्यांवर जिथे एक शिवण पुरली असती
तिथे चार घातल्या. त्यांचे पैसे घेतले नाहीत.

संध्याकाळी गाद्या होडीत बसवल्या.
तिकोनी अर्धं बोट मोठी झाली, दाबून घातली.
मोरू आत चढला, विटा किंचित कुरकुरल्या.
राखीवरून हात फिरवत राहिला.
खाली वाकून पाहील, असं मला सारखं वाटत होतं.
पाहिलं नाही.

‘पुढे ये,’ म्हणाला, ‘तू बस तिकडे.’
साडी आवरली, बसले.
समोर गॅरेजचं शटर, त्यावर कोणीतरी खडूनं
फोन नंबर लिहिलेला, शेवटचा आकडा पुसलेला.
‘मऊ आहे ना?’
मऊ होती.
माझा हात आपोआप कडेच्या पट्ट्याकडे गेला.
फरशी कोरडी होती.
तरी धरून बसले.